यंदा आपलं काय खरं?

(छत्रपती संभाजीनगर इथं वस्त्यांमधली महिला मंडळं, बचत गट आणि किशोरी गट यांच्या कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेत माझ्या सत्राचं नाव 'मोकळा वेळ आणि सार्वजनिक जागा' असं छापलंय. मी फुटबॉलवर बोलणार आहे हे कळल्यावर परवा एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, ज्या शहरात आठ-आठ दिवस नळाची वाट बघत बायकांनी वर्षं काढली, तिथं तू फुटबॉल काढून बसणार?" प्रश्न रास्त आहे. पाणी यायच्या दिवशी बाई घर सोडत नाही, हे आपल्या बैठकांच्या हजेरीपटावरूनसुद्धा कळतं. पण पाणी नसतं त्या दिवशी ती कुठं जाऊन बसते? पुरुष टपरीवर बसतो, पारावर बसतो, गुलमंडीवर उभा राहून निवडणुकीत कोण पडणार ते सांगतो. बाई कुठं बसते, आणि बसली तर कशावर बोलते? याचा विचार करताना मला माझ्या माहेरचा फुटबॉल आठवला. मी खेळणाऱ्यांबद्दल थोडं बोलणार आहे, बघणाऱ्यांबद्दल थोडं जास्त, आणि सगळ्यात जास्त बोलणार आहे ते हंगाम सुरू व्हायच्या आधी 'यंदा आपलं काय खरं?' म्हणत तासन् तास वाद घालणाऱ्यांबद्दल.

माझं माहेर कोल्हापूर. मराठवाड्यातल्या मैत्रिणींना कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई, तांबडा रस्सा आणि कुस्ती आठवते. फुटबॉल आठवत नाही. पण तिथं पेठापेठांत फुटबॉल आहे, आणि तो कालपरवाचा नाही, संस्थानाच्या काळापासूनचा आहे. संघांची नावं ऐकलीत तर गंमत वाटेल. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे केएसए, लीग भरवते आणि शाहू स्टेडियमवर सामने होतात. मोठा सामना असला की पेठेतली दुकानं अर्धी बंद. विश्वचषक आला की गल्लीच्या तोंडावर मेस्सी आणि नेमारचे दोन-दोन मजली फलक लागतात. इथला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, त्याचं अजूनही कौतुक आहे.

पावसाळ्यात सामने नसतात. तेव्हा आणि मग दिवाळीच्या आगेमागे खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस आले की कट्ट्यावर चर्चा रंगते. कोण कुठला संघ सोडणार, कोण परत येणार, गोलकीपर टिकेल का, स्टॉपरला वय झालं का, बाहेरचा खेळाडू आणायला पैसे कोण देणार. अलीकडे नायजेरियासारख्या देशांतून खेळाडू येतात, तर त्यांच्या राहण्याजेवणाचं काय, हाही मुद्दा असतो. रात्री दोनपर्यंत चालतं हे. मतं ठाम, आवाज मोठे, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक उलट बाजूनं तितक्याच ठामपणे बोलतात. मला हे फार आवडायचं, अजूनही आवडतं. या बोलण्यातून कुणाचं पोट भरत नाही. पण आपली एक टीम आहे, तिचं पुढं काय होणार हे ठरवायला आपलीही बुद्धी लागते, असं त्या माणसाला वाटतं. गवंडी असो, रिक्षावाला असो की वकील, कट्ट्यावर त्याचं मत मोजलं जातं.

माझी एक आत्या आहे. तिचं माहेर आमचंच, मंगळवार पेठेतलं. म्हणजे घर पाटाकडीलचं. भाऊ सामन्याला जायचे, परत येऊन जिन्यावर बसून सगळा सामना पुन्हा सांगायचे आणि ही तो ऐकत ऐकत मोठी झाली. लग्न होऊन गेली शिवाजी पेठेत, आणि ते घर शिवाजी तरुण मंडळाचं. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, काही घरांत नावही बदलतात. कुलदैवत बदलतं, भाजीतला मसाला बदलतो. कोल्हापुरात टीमही बदलते. आत्याला कुणी तसं सांगितलं नाही, सांगायची गरजच नसते. पहिल्याच वर्षी दोन्ही संघांचा सामना आला तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता हिकडचं बघायचं."

आमच्याकडच्या बायका 'मी जातो', 'मी येतो' असं बोलतात. इकडच्या मैत्रिणींना ते ऐकून हसू येतं, म्हणतात तुम्ही पुरुषासारखं बोलता. बोलतो, पण स्टेडियमला कोण जातो? मी स्वतः दहा वर्षांची होईपर्यंत वडिलांच्या सायकलवर पुढं बसून गेले. मग एके दिवशी 'आता नको, तिथं बरं नसतं' असं झालं. कुणी बंदी घातली नव्हती. गेटवर पाटी नव्हती. माझा भाऊ जात राहिला, आणि मी आत्यासारखी ऐकीव सामन्यांवर आले.

आत्याच्या घराच्या खिडकीखालीच कट्टा होता. साल १९९८ किंवा ९९ असेल, मी दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे होते. खाली चर्चा जोरात. त्यांचा एक फॉरवर्ड मागच्या हंगामात दुखापतीनं बाहेर होता, तो यंदा परत येणार, मग काय बघायचं काम नाही, लीग आपलीच! आत्या भाकरी थापता थापता ऐकत होती. चहाचा ट्रे घेऊन खाली गेली, मी मागोमाग. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "त्याचं गुडघं काय बरं झालेलं न्हाई. त्याच्यावर विसंबू नगासा यंदा."

सगळे गप्प झाले. तिला हे कुठून कळलं? त्या पोराच्या आईकडे हळदीकुंकवाला गेली होती. पोराला पाटावर मांडी घालता येईना, तो खुर्चीवर बसून जेवला. आई रोज आंबेहळद लावत होती, आणि मंडळातल्या लोकांना सांगू नका म्हणून पोरानं बजावलं होतं. सांगायला नको होतं हे आत्यालाही नंतर वाटलं, पण ती गोष्ट वेगळी. त्या क्षणी त्या कट्ट्यावर संघाबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेलं माणूस म्हणजे हातात ट्रे घेतलेली ही बाई होती.

तिचे धाकटे दीर हसून म्हणाले, "वैनी, माहेर बोलतंय व्हय?"

सगळे हसले. आत्याही हसली आणि वर आली. भाकरी करपली होती. त्या हंगामात तो पोरगा थोडेच सामने खेळू शकला. कट्ट्यावरच्या कुणीही वर येऊन 'वैनी, तुमचं खरं ठरलं' असं म्हटलं नाही.

मी लहान होते, तेव्हा मला फक्त भाकरीचं वाईट वाटलं. पुढं एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर, वस्तीत काम करायला लागल्यावर हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवायला लागला. तिचं म्हणणं चूक आहे असं तिथं कुणीच म्हणालं नव्हतं. ती कुणाच्या बाजूची म्हणून बोलते, एवढंच विचारलं. माहेरी गेली तर 'तू आता तिकडची', सासरी बोलली तर 'माहेर बोलतंय'. वस्तीच्या पाणी समितीत आपली बाई बोलते तेव्हा 'हिला कुणी शिकवून पाठवलं?' असं विचारतात ना, तेच हे. जमिनीच्या वाटणीत, ग्रामसभेत, जमातीच्या बैठकीत, सगळीकडे आधी तिची बाजू तपासतात, म्हणणं तपासायची वेळच येत नाही. फुटबॉलसारख्या, ज्यात कुणाचं काही जात नाही अशा गोष्टीतही हेच होत असेल, तर जिथं खरोखर काही जातं तिथं काय होणार?

आता कुणी म्हणेल, त्या कट्ट्यावर जागा मागायची तरी कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्या कट्ट्यावर बाईचा उल्लेख होतोच, आईबहिणीवरच्या शिव्यांत होतो. स्टेडियममध्ये दोन पेठा एकमेकींना जे ओरडतात त्यात खेळापेक्षा समोरच्याच्या घरातल्या बायका जास्त असतात. समर्थकांची मारामारी, दगडफेक, त्यापायी सामने थांबवणं, पोरांवर गुन्हे दाखल होणं, हे कोल्हापूरनं पाहिलेलं आहे. आणि अशा रात्री पोलीस ठाण्याच्या बाहेर पदर डोक्यावर घेऊन कोण उभं असतं? आई. ज्या चर्चेत तिला कधी बसू दिलं नाही, त्या चर्चेतून उठलेल्या भांडणाचा जामीन ती भरते. म्हणून मला तो कट्टा जसाच्या तसा नको आहे. पण तो वाईट आहे म्हणून बायकांनी घरात बसावं, हेही मला मान्य नाही. 'तिथं बरं नसतं' हे वाक्य मी दहाव्या वर्षी ऐकलंय. ते बरं करायची जबाबदारी तिथं जाणाऱ्यांवर कुणी टाकली नाही, मला घरी ठेवून प्रश्न मिटवला.

जगात काही ठिकाणी पाटी लावून हे केलं गेलं. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगार बायकांनी संघ काढले. प्रेस्टन गावच्या 'डिक, कर' कारखान्यातल्या मुलींचा संघ त्यात नावाजलेला. १९२० च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलला त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आपल्या मैदानांवर त्यांना खेळू देऊ नये. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. नीट बघा हं, बंदी आली ती प्रेक्षक मिळत नव्हते म्हणून नव्हे. प्रेक्षक इतके असतानाही आली.

इराणात बंदी बघणाऱ्या बायकांवर होती. १९७९ च्या क्रांतीनंतर पुरुषांच्या सामन्यांना बायकांना जवळजवळ चाळीस वर्षं स्टेडियममध्ये सोडत नसत. मुली केस लपवून, मुलांचे कपडे घालून आत शिरायच्या. जाफर पनाही यांचा 'ऑफसाइड' हा २००६ चा सिनेमा अशाच मुलींवर आहे, आपल्या शिबिरात दाखवायला चांगला आहे. २०१९ मध्ये सहर खोदायारी नावाची तरुणी अशीच पकडली गेली. तिच्या संघाचा रंग निळा, म्हणून लोक तिला निळी मुलगी म्हणतात. तुरुंगवास होणार असं कळल्यावर तिनं कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि ती गेली. पुढच्याच महिन्यात, जगातल्या फुटबॉल संघटनेच्या दबावानं, तेहरानच्या स्टेडियमची दारं काही हजार बायकांसाठी उघडली. समोर कंबोडिया होता, इराणनं १४ गोल केले. त्या स्टेडियमचं नाव आझादी आहे.

आपल्याकडे एवढं टोकाचं नाही म्हणून बरं वाटून घेऊ नका. आपल्याकडे लागतच नाही. मुंब्र्यात 'परचम' या गटानं २०१२ च्या सुमारास मुलींना घेऊन फुटबॉल सुरू केला तेव्हा पहिली अडचण मैदानाची आली. मैदान होतं, पण तिथं मुलगे होते. कायद्यानं ते सगळ्यांचं होतं. त्या मुलींनी सह्या गोळा केल्या, पाठपुरावा केला आणि मुलींसाठी हक्काची जागा मागितली. 'व्हाय लॉयटर?' हे २०११ चं पुस्तक तुमच्यातल्या काहींनी वाचलं असेल. मुंबईतल्या तीन अभ्यासक बायकांनी लिहिलंय आणि त्यांचं म्हणणं असं की बाईला कामाशिवाय, कारणाशिवाय रस्त्यावर रेंगाळता आलं पाहिजे. मी त्यात माझं एक जोडते. तिला तिथं उभं राहून बिनकामाचं बोलताही आलं पाहिजे. नाहीतर आपण बायका बाहेर जमतो तेव्हाही काम घेऊनच जमतो. बचत गटाचा हप्ता, रेशन, दाखला. दिवसाच्या चोवीस तासांचा तक्ता भरून घेण्याची पद्धत आहे ना, तो मी एका वस्तीत भरून घेत होते. एक बाई म्हणाल्या, "मोकळा वेळ म्हणजे लसूण सोलते तो."

आता आपल्या शहरातलं सांगते. २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कतारला विश्वचषक चालला होता. आमच्या एका किशोरी गटातल्या मुली भावांच्या मोबाइलवर डोकावून सामने बघत होत्या. अंतिम सामन्यानंतरच्या बैठकीत आरोग्याचा विषय राहिला बाजूला आणि अर्जेंटिना फ्रान्सवरच भांडण. मला माझा कट्टाच दिसला. मग एक चेंडू आणला. वस्तीमागच्या रिकाम्या जागेत खेळायला लागल्या. मुलगे आधी हसले, मग क्रिकेटच्या स्टम्पा मध्येच रोवू लागले, मग वेळा वाटून घेतल्या. हे सगळं सांगत बसत नाही, तुमच्या सगळ्यांच्या वस्तीत असंच घडतं.

मला सांगायचंय ते पुढच्या वर्षीचं. दुसऱ्या वस्त्यांमधल्या गटांबरोबर जानेवारीत सामने ठरवले होते. दिवाळीआधी मुली कोंडाळं करून बसल्या, वहीच्या मागच्या पानावर नावं लिहिली, आणि चर्चा सुरू झाली, यंदा आपलं काय खरं? चौदा मुली होत्या. मी जरा लांब बसून ऐकत होते. गुडघा, वय, वेग, यातलं काहीच नव्हतं.

"ही नाही राहणार, हिचे आईबाप उसाला जाणार, हिला धाकट्याला सांभाळायला न्यावं लागतं."

"तिला बघून गेले ना गुरुवारी. पसंत आहे म्हणे."

"हिचं दहावीनंतर शाळा बंद. मग बाहेर सोडणार नाहीत."

"हिला मामाच्या गावी पाठवणार."

एकेका नावावर काट पडत होती. सात उरल्या. मग गोलकीपर कोण यावर वाद झाला. त्यांच्यातली सगळ्यात चांगली गोलकीपर उंच, चपळ, पण तिच्या घरी लग्नाचं चाललेलं. एक मुलगी म्हणाली, "ताई, हिला करू गोलकीपर. हिला येत नाही, पण हिची आई बारावीपर्यंत लग्न करणार नाही. ही कुठं जात नाही."

मी तेव्हा काही बोलले नाही. बोलता आलं नाही. आकडे मला पाठ आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि परभणीत हेच प्रमाण ४८ टक्के. हे आकडे मी कितीदा फळ्यावर लिहिलेत. पण पंधरा वर्षांच्या मुली आपल्या संघाची निवड करताना ते हिशेबात धरतात, हे मी फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं. कोल्हापूरच्या कट्ट्यावर विचारतात, तो संघ सोडून कुठल्या तालमीकडे जाणार? या मुली तेच विचारत होत्या, फक्त सोडून जाणं त्यांच्या हातात नव्हतं.

त्या पानाची मी झेरॉक्स काढली आणि आम्ही दोघी कार्यकर्त्या ते घेऊन घरोघर गेलो. बालविवाहाचा कायदा २००६ चा आहे, १०९८ नंबर आहे, हे आपल्याला माहीत असतं, आणि गरज पडली तर ते वापरायचंच. पण यावेळी सुरुवात कायद्यापासून केली नाही. त्या उंच मुलीच्या वडिलांना म्हटलं, "दादा, जानेवारीत हिच्याशिवाय गोलात कुणी नाही." ते गोंधळले. त्यांच्या मुलीवाचून कुणाचं काही अडू शकतं, हे त्यांना नवीन होतं. "बघू," म्हणाले. परीक्षेपर्यंत थांबले. ती जानेवारीत खेळली. पुढचं अजून पक्कं नाही, दर दोन महिन्यांनी जाऊन बसावं लागतं. उसाला गेलेली मुलगी फेब्रुवारीत परत आली तेव्हा सामने संपले होते, आणि एका मुलीचं लग्न आम्हाला कळायच्या आधीच गावी नेऊन लावलं. तेही सांगितलं पाहिजे.

२०२५ च्या जुलैत आपल्या देशाच्या महिला संघानं चियांग माईला थायलंडला २-१ हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आमच्या मुलींना ते नाव माहीत आहे. कोल्हापूरच्या नावाचा महिला संघ, एफसी कोल्हापूर सिटी, २०१९ मध्ये लुधियानात इंडियन विमेन्स लीग खेळला. मी माहेरी विचारलं तर कट्ट्यावरच्या एकदोघांनाच आठवत होतं. आत्याला आठवत होतं. तिचे गुडघे आता त्या पोरासारखे झालेत. शाहू स्टेडियमवर मोठ्या सामन्याला हल्ली मुली दिसतात म्हणाली. ती स्वतः अजून गेलेली नाही, पायऱ्या फार आहेत म्हणते. यंदा दिवाळीला मी तिला घेऊन जायचं म्हणतेय. कुठल्या बाजूला बसायचं, ते तिचं ती ठरवेल.

वेळ संपत आली, चिठ्ठी आलीय. एकच सांगते. आमच्या मुली नोव्हेंबरपासून दर रविवारी चार वाजता खेळतात. आपल्या गटातल्या बायकांना घेऊन या. वर्गणी नाही, नोंदणी नाही, खिचडी करून आणू नका, भाजी निवडायलाही आणू नका. बसा आणि बघा. गोलकीपरनं चूक केली तर मोठ्यानं सांगा. तिला शिव्या चालत नाहीत, बाकी सगळं चालतं.